मुठीतली ओल
कुंभकोणम कावेरीच्या सुपीक खोऱ्यातले. वाळवंटाशी त्याचा काय संबंध? पण भातासाठी मेट्टूर धरणाचे पाणी १२ जूनला सोडण्याचा रिवाज २०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षे चुकला. जानेवारी २०१७ मध्ये तर सारे तमिळनाडू दुष्काळग्रस्त जाहीर झाले.

येथे भातकापणीच्या आठ-दहा दिवस आधी उभ्या पिकातच उडीद-मूग फेकून पेरतात. नंतर पाणी देत नाहीत. चिकण मातीत उरलेल्या ओलीवरच शेंगा धरतात. म्हणजे धरण आटले की एक नव्हे, दोन पिके जातात.

कॅडेटांनो, एखादी सर आली की वरचीच माती भिजते. वीतभर खणा, मूठभर माती दाबा. गोळा वळला, बोटे ओलसर झाली तर ओल आहे. टणक ढेकूळच हाती आले तर नाही.