संत लुई आणि संत झेली : वचन किती काळाचे?

लग्नाच्या दिवशी वेदीसमोर आपण सुखात व दुःखात, आरोग्यात व आजारपणात एकमेकांना साथ देण्याचे वचन देतो. त्या वयात आजारपण म्हणजे ताप-खोकला एवढेच डोळ्यांसमोर असते. पुढे कधीतरी जोडीदार देवाघरी जातो, किंवा समोर बसलेला असूनही आपले नाव विसरतो. मग त्या वचनाचे काय? बाळ येशूच्या संत तेरेजेच्या आईवडिलांच्या घरात ही दोन्ही दुःखे आली. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी या दोघांना एकाच वेळी संतपद बहाल केले.

लुई मार्टिन हे फ्रान्समधील आलाँसाँ गावचे घड्याळजी, तर झेली लेस तयार करणाऱ्या. ओळखीनंतर तीनच महिन्यांनी, जुलै १८५८ मध्ये, त्यांचा विवाह झाला. नऊ मुले झाली, त्यांपैकी चार लहानपणीच वारली. झेलींचा धंदा वाढला तेव्हा लुईंनी आपले दुकान भाच्याला विकले आणि पत्नीच्या कामाचा व्याप सांभाळला. (आपल्याकडे आजही किती नवरे हे करतील?)

२८ ऑगस्ट १८७७ रोजी स्तनाच्या कर्करोगाने झेलींचे निधन झाले. त्या ४५ वर्षांच्या होत्या, लुई ५४ वर्षांचे आणि धाकटी तेरेजा साडेचार वर्षांची. लुईंनी पुन्हा लग्न केले नाही. मुलींना मामा-मामीचा आधार मिळावा म्हणून त्यांनी आपले गाव, मित्र आणि पत्नीची कबरही मागे ठेवली व लिझ्यू येथे बिऱ्हाड केले. पत्नीच्या कबरीपासून दूर जाणे हेच तिच्यावरचे प्रेम ठरले, असे आम्हांला वाटते.

१८८७ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हळूहळू स्मरणशक्ती ढळू लागली. जून १८८८ मध्ये ते कोणाला न सांगता घरातून निघून गेले. चार दिवसांनी ते ल हाव्र या बंदराच्या शहरात सापडले. फेब्रुवारी १८८९ मध्ये त्यांना काँ येथील मनोरुग्णांच्या रुग्णालयात ठेवावे लागले. तेथे ते तीन वर्षांहून अधिक काळ होते. मुली मठात गेल्या म्हणून बापाला वेड लागले, अशी कुजबुजही झाली. संतचरित्र सांगताना हा भाग पुष्कळदा दोन ओळींत उरकला जातो. आपणही पाहुणे आले की अशा आजोबांना आतल्या खोलीत बसवतो, तसेच हे.

मे १८९२ मध्ये ते घरी परतले तेव्हा पाय लुळे पडले होते. मुलगी सेलीन हिने शेवटपर्यंत त्यांची सेवा केली. मठात जाण्याची तिची ओढ तिने तोवर थांबवून ठेवली.

आपल्या धर्मग्रामात अशी सेवा करणाऱ्या पत्नी आहेत, पती आहेत, सुना आहेत. त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ‘ओळखा पाहू, मी कोण?’ अशी परीक्षा घेऊ नये. आपणच आपले नाव सांगावे, हात हातात घ्यावा. या आजारात कालचे आधी पुसले जाते, लहानपणीचे पुष्कळदा टिकून राहते. म्हणून रोझरी त्यांच्याजवळ बसून मोठ्याने म्हणावी. मुलाचे नाव विसरलेली व्यक्तीही कधीकधी ‘नमो मरिया’ पूर्ण करते. आणि सेवा करणाऱ्याला राग आला, रडू आले, तर ते पाप समजू नये. शेजाऱ्यांनी निदान दोन तास त्यांची जागा घ्यावी, म्हणजे त्यांना मिस्साला येता येईल.

लुईंचे निधन २९ जुलै १८९४ रोजी झाले. त्याच वर्षी झेलींचे अवशेष आलाँसाँहून लिझ्यूला आणण्यात आले. सतरा वर्षांनी दोघे पुन्हा एका ठिकाणी आले.