रस्ता-सुधारणेचे पर्याय आणि सेवा-स्तर : भिलाईच्या संदर्भात

१९२७ साली नेमलेल्या जयकर समितीच्या शिफारशींतून १९३४ साली भारतीय रस्ते महासभा (आयआरसी) स्थापन झाली. रस्त्यांच्या क्षमतेचे निकष ही संस्था ठरवते. रस्त्याचा सेवा-स्तर ‘अ’ ते ‘फ’ अशा सहा पायऱ्यांत मोजतात. ‘अ’ म्हणजे मुक्त वाहतूक, तर ‘फ’ म्हणजे कोंडी.

मोजणीची पद्धत

भारतीय रस्त्यांवर मिश्र वाहतूक असल्याने सर्व वाहने ‘प्रवासी कार एकक’ या समान मापात मांडतात. आयआरसीच्या १९९० च्या मार्गदर्शिकेनुसार ग्रामीण मार्गांवर ट्रक ३, तर सायकल ०.५ एकक धरली जाते. सपाट प्रदेशात ‘ब’ स्तरासाठी दुपदरी मार्गाची मर्यादा दररोज १५,००० एकके, तर मातीच्या बाजूपट्ट्या असलेल्या चौपदरी विभाजित मार्गाची ३५,००० एकके आहे.

पर्यायांची तुलना

शहरालगतच्या एखाद्या दुपदरी मार्गावर आज १२,००० एकके वाहतूक आहे, असे गृहीत धरू. वार्षिक वाढ ५ टक्के असल्यास पाचव्या वर्षी मर्यादा ओलांडली जाईल आणि पंधराव्या वर्षी वाहतूक सुमारे २४,९५० एकके होईल.

१) काहीही न करणे : हा तुलनेचा पाया होय. यात ‘ब’ स्तर टिकत नाही.

२) चौपदरीकरण : ‘ब’ स्तर टिकतो. मात्र वाढ ८ टक्के झाल्यास वाहतूक सुमारे ३८,००० एककांवर जाऊन हा पर्यायही अपुरा ठरतो.

३) वळणमार्ग : पंधराव्या वर्षी ४० टक्के वाहतूक वळल्यास जुन्या मार्गावर सुमारे १४,९७० एकके उरतील; तो दुपदरी राहूनही जेमतेम पुरेल. २५ टक्केच वळल्यास १८,७०० एकके उरतील आणि मर्यादा ओलांडली जाईल.

म्हणजेच निवड दोन बाबींवर अवलंबून आहे : वाढीचा अंदाज आणि बाहेरून येऊन बाहेरच जाणाऱ्या वाहतुकीचे प्रमाण. दुसऱ्या बाबीसाठी आरंभ-गंतव्य सर्वेक्षण अनिवार्य ठरते.

भिलाईचा धडा

भिलाईत पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी कार्यान्वित झाली. येथील ग्रेट ईस्टर्न रोड हा नागपूर-रायपूर दरम्यानच्या महामार्गाचा भाग आहे. २०१० पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६ आता ५३ म्हणून ओळखला जातो. लांब पल्ल्याचे ट्रक, कारखान्याची वाहतूक आणि बाजारपेठेतील स्थानिक ये-जा एकाच रस्त्यावर येते. अशा ठिकाणी विलंब मुख्यतः चौकांत होतो. केवळ पदरी वाढवून तो घटत नाही. अलीकडे सुपेला, पॉवर हाउस व कुम्हारी येथे उड्डाणपूल झाले, त्यामागील तर्क हाच. तथापि उड्डाणपुलाचा मुख्य लाभ थेट जाणाऱ्या वाहनांस मिळतो. खालचा चौक ओलांडणाऱ्यांसाठी सेवारस्ता व सुरक्षित पादचारी मार्ग लागतोच.

निष्कर्ष

सेवा-स्तर वाहनांची सुलभता मोजतो; अपघाताचा धोका किंवा पादचाऱ्याचा खोळंबा नव्हे. सहा सायकली आणि एक ट्रक कोष्टकात समान असले, तरी रस्त्यावरील जोखीम समान नसते. म्हणून सेवा-स्तराला खर्च-लाभ विश्लेषण व सुरक्षा-परीक्षणाची जोड दिल्यावरच पर्यायाची निवड करणे योग्य होय.