मागितलं 18, मिळालं 24

प्रश्न : मी दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात, गोदामाला लागून असलेल्या ऑफिसात काम करतो. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर 18 केलं तरी खोली 24च्या खाली येत नाही. ही डबी नुसती शोभेची आहे का?
– एक वाचक, कतार

उत्तर : शोभेची नाही, पण तिचं काम अर्ज करण्यापुरतं. अर्ज मंजूर करतो तो फॉल्स सीलिंगच्या वर बसवलेला छोटा डिजिटल कंट्रोलर. डबीतला सेन्सर खोलीचं तापमान कळवतो. कंट्रोलर ते तुमच्या आकड्याशी ताडून पाहतो आणि थंड पाण्याच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह उघडतो किंवा बंद करतो. हे पाणी चिलरमधून साधारण 6-7 अंशांवर येतं. व्हॉल्व्ह एकदा पूर्ण उघडला की 22 मागा नाहीतर 18, खोली गार होण्याचा वेग तोच.

शिवाय मोठ्या इमारतीत असे सगळे कंट्रोलर एका संगणकाला जोडलेले असतात. ही बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजेच बीएमएस. तिथे कुणी 24 ही खालची मर्यादा घालून ठेवली असेल, तर डबीवर 18 दिसूनही उपयोग नाही.

यामागे केवळ विजेची काटकसर नसते. उन्हाळ्याच्या अखेरीस दोह्याची हवा कमालीची दमट होते. गोदामाचं दार सारखं उघडत असेल, तर ती ओल फार गार केलेल्या खोलीत शिरते, एसीच्या जाळीच्या कडांवर पाणी धरतं आणि खालच्या फायलींवर ठिबकतं. अंगाला जाणवतो तो उकाडाही निम्मा दमटपणाचाच. कतारच्या 2021च्या नियमात उघड्यावरचं काम थांबवण्यासाठी 32.1 अंशांची मर्यादा आहे, तीही नुसत्या तापमानाची नव्हे. त्या मोजमापात दमटपणा, ऊन आणि वारा धरलेला असतो.

आता स्वतःच करण्याजोगी तपासणी. जाळीच्या तोंडाशी साधा थर्मामीटर धरा. हवा 14-15 अंशांची असेल, तर यंत्रणा ठीक आहे. उघडं दार किंवा तापलेला पत्रा तिला पुरून उरतोय. हवा कोमट असेल, तर व्हॉल्व्ह बंद आहे : एकतर मर्यादेमुळे, नाहीतर तो अडकल्यामुळे. झोतच मंद असेल, तर फिल्टर धुळीने भरलाय. ट्रकच्या वर्दळीत तो लवकरच भरतो.

मेंटेनन्सवाल्यांना नुसतं ‘एसी चालत नाही’ म्हणू नका. डबीवर लावलेला आकडा, खोलीचं तापमान, जाळीजवळचं तापमान आणि वेळ, एवढं लिहून द्या. बीएमएसमध्ये जुन्या नोंदी साठवलेल्या असतील, तर त्या वेळी व्हॉल्व्ह किती उघडा होता हे त्यांना खुर्चीत बसूनच दिसेल.