एनएचएसची नियमावली नववीतच वाचा

अमेरिकेतल्या हायस्कुलात मूल दहावीत गेलं, की मराठी घरांत ‘एनएचएस’ ही अक्षरं वरचेवर कानावर पडू लागतात. एनएचएस म्हणजे नॅशनल ऑनर सोसायटी. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात चार पालक एकत्र आले की विषय निघतोच: कोणाच्या मुलीची निवड झाली, कोणाच्या मुलाची झाली नाही आणि ‘इतके चांगले ग्रेड असून’ कशी नाही झाली. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा शाळेच्या नियमावलीत लिहिलेलं असतं. पण ती उघडली जाते निकाल लागल्यावर. तोवर दोन वर्षं निघून गेलेली असतात. म्हणून नववीतल्या आणि आठवीतल्याही मुलांच्या पालकांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आधी संस्थेविषयी थोडं. अमेरिकेतल्या माध्यमिक मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९२१ मध्ये ती सुरू केली. पहिला चॅप्टर पिट्सबर्गच्या फिफ्थ अव्हेन्यू हायस्कूलमध्ये, तिथले मुख्याध्यापक एडवर्ड रायनेअरसन यांच्या पुढाकाराने निघाला. १९२९ मध्ये मिडल स्कूलच्या वयाच्या मुलांसाठी नॅशनल ज्युनियर ऑनर सोसायटी आली. मुलगा ज्युनियर सोसायटीत होता म्हणून तो हायस्कुलात आपोआप सदस्य होत नाही. तिथे निवड पुन्हा पहिल्यापासून होते. आज अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत आणि परदेशातल्या काही शाळांतही चॅप्टर आहेत. चॅप्टर म्हणजे त्या त्या शाळेतली शाखा. प्रत्येक शाखेला राष्ट्रीय घटना बंधनकारक असते, पण त्या चौकटीत राहून शाखा आपले पोटनियमही करते. दोन शेजारी गावांतल्या शाळांचे निकष वेगळे दिसतात ते यामुळे. मैत्रिणीच्या शाळेतला नियम आपल्या शाळेत लागू असेल, असं कधीही धरून चालू नका.

राष्ट्रीय घटनेनुसार दहावी, अकरावी आणि बारावीचे विद्यार्थी सदस्य होऊ शकतात. काही शाखा फक्त अकरावी-बारावीतच निवड करतात. त्या शाळेत किमान एक सेमिस्टर झालेलं असावं लागतं. एकूण जीपीए कमीत कमी ३.० हवा, म्हणजे बी किंवा ८५ टक्क्यांच्या बरोबरीचा. शाखा हा आकडा वाढवू शकते, आणि अनेक शाखांनी तो ३.५ किंवा त्याहूनही वर नेलेला आहे. तो कमी मात्र करता येत नाही. इथे पालकांनी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. एक, शाळा वेटेड जीपीए धरते की अनवेटेड? एपी आणि ऑनर्स विषयांना जादा वजन देऊन ३.८ दिसणारा मुलगा अनवेटेड मोजणीत ३.४ वर येऊ शकतो. दुसरी, आकडा कुठल्या सेमिस्टरपर्यंतचा धरणार? जीपीए एकूण असल्यामुळे नववीचे गुण त्यात येतात. ‘नववीत जरा रुळू दे, दहावीपासून अभ्यास’ हा बेत इथेच फसतो.

आकडा गाठला की मूल उमेदवारीला पात्र ठरतं, एवढंच. निवडीचे खांब चार आहेत: विद्याभ्यास, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य. केवळ गुणांच्या आधारे सदस्यत्व देऊ नये, ही राष्ट्रीय संस्थेची स्पष्ट भूमिका आहे. आपल्या पिढीला हे पचायला जड जातं, आणि त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या गुणवत्ता यादीवर आपण वाढलो. तिथे गुण हेच सर्व काही होतं. मुलगा वर्गात कसा वागतो, शेजाऱ्याला मदत करतो का, हे बोर्डाने कधी विचारलं नाही. इथे ते विचारतात, आणि विचारणारे त्याला रोज पाहणारे शिक्षक असतात.

निवड कोण करतं, हे नीट समजून घ्या. सगळ्यात जास्त गैरसमज याच ठिकाणी आहेत. मुख्याध्यापक शाळेतल्या पाच शिक्षकांची समिती नेमतात, तिला फॅकल्टी कौन्सिल म्हणतात. मत देण्याचा अधिकार या पाच जणांनाच. मुख्याध्यापक आणि उपमुख्याध्यापक या समितीत बसू शकत नाहीत. चॅप्टरचे सल्लागार शिक्षक बैठक चालवतात, माहिती पुढे ठेवतात, पण त्यांना मत नसतं. म्हणून सल्लागारांना ईमेलवर ईमेल पाठवून काही साधत नाही. उलट त्या शिक्षकांची अडचण होते. जीपीएत बसणाऱ्या विद्यार्थ्यांना शाळा कळवते आणि एक माहितीपत्रक भरायला देते. उपक्रम, सेवाकार्य, जबाबदाऱ्या, मिळालेले सन्मान त्यात लिहायचे असतात. अनेक शाखा इतर शिक्षकांकडूनही अभिप्राय मागवतात. समिती बहुमताने निर्णय घेते.

हे पत्रक मुलानेच भरावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. आईवडिलांनी बसून लिहिलेलं पत्रक शिक्षकांना ओळखता येतं. त्यातली भाषा सोळा वर्षांच्या मुलाची नसते आणि त्यात मूल हरवलेलं असतं. दुसरं कारण जास्त व्यवहारी आहे. मुदत चुकली किंवा सही राहिली, तर बऱ्याच शाखा पत्रक स्वीकारतच नाहीत. आपलं काम आपण वेळेवर पुरं करणं हीसुद्धा तिथे एक परीक्षा असते, आणि ती मुलानेच द्यायची असते.

सेवा म्हणजे मोबदला न घेता, शाळेसाठी किंवा समाजासाठी केलेलं काम. किती तास हवेत हे शाखा ठरवते. घरातल्या माणसांसाठी केलेलं काम अनेक शाखा तासांत धरत नाहीत. धार्मिक संस्थांमधल्या कामाविषयी नियम शाळागणिक बदलतात, तेव्हा मंदिरात वर्षभर सेवा करण्याआधी विचारून घ्या. आपल्या मुलांना सहज जमणारं एक काम मात्र समोरच असतं. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आणि स्थानिक मंडळांच्या मराठी शाळा रविवारी भरतात, आणि तिथे लहान मुलांना अक्षरं गिरवून घ्यायला, गाणी बसवून घ्यायला मदतीचे हात कायम कमी पडतात. हायस्कुलातली मुलगी तिथे दोन वर्षं सहायक शिक्षिका म्हणून उभी राहिली, तर सेवा आणि नेतृत्व हे दोन्ही खांब एकाच जागी उभे राहतात. मराठी शाळेच्या संचालकांकडून तासांची नोंद त्या त्या महिन्यात सही करून घ्यावी. बारावीत मागे जाऊन सह्या गोळा करणं कोणालाच शोभत नाही.

एच-४ व्हिसावर आलेल्या मुलांच्या घरी एक काळजी नेहमी बोलून दाखवली जाते. या मुलांना नोकरी करता येत नाही. पण एनएचएसला लागणारी सेवा विनामोबदलाच असते, त्यामुळे ही अडचण तिथे येत नाही. मात्र एखाद्या संस्थेने कामाबद्दल पैसे किंवा मानधन देऊ केलं, तर मुलाने ते घेऊ नये. ते सेवेत बसत नाहीच, शिवाय व्हिसाचा प्रश्न उभा राहतो.

नेतृत्वाचा अर्थ आपण फार अरुंद करून ठेवला आहे. क्लबचं अध्यक्षपद मिळालं नाही म्हणून रडणारी मुलं असतात आणि त्यांच्याहून जास्त खचलेले त्यांचे पालक. निवडून आलेलं पद ही नेतृत्वाची एक खूण झाली. रोबोटिक्सच्या संघात नव्या मुलांना वायरिंग शिकवणारा, ऑर्केस्ट्राच्या सरावाआधी खुर्च्या मांडून घेणारा, गटातल्या मागे पडलेल्या मुलाला सोबत घेणारा विद्यार्थीही त्यात बसतो. अट एवढीच, की तो हे सातत्याने करतो हे कुणाच्या तरी डोळ्यांना दिसलेलं असावं. अकरावीच्या सुरुवातीला एकदम सहा क्लबांत नावं घालणं हा सर्वांत वाईट उपाय. समितीतले पाच शिक्षक वर्षानुवर्षं अशी पत्रकं वाचत असतात.

चारित्र्याचा खांब बोलायला अवघड आहे, आणि बहुतेक अनपेक्षित नकार त्याच्याभोवती घडतात. नक्कल, दुसऱ्याचा गृहपाठ उतरवणं, एआयकडून निबंध लिहून घेऊन स्वतःचा म्हणून देणं, वर्गात वारंवार उशिरा येणं, शिक्षकांशी उद्धटपणा: यातली एखादी नोंदसुद्धा ३.९ जीपीए असलेल्या मुलाला बाहेर ठेवू शकते. घरी हे स्पष्ट शब्दांत बोललं गेलं पाहिजे. ‘सगळेच करतात’ हे वाक्य मुलं मोठ्यांकडून शिकतात. मात्र चारित्र्याच्या नावाखाली शाळेला वाटेल ते करता येत नाही. १९९८ मध्ये केंटकी राज्यात लग्नाआधी गर्भवती झाल्याच्या कारणावरून दोन विद्यार्थिनींना एनएचएसमध्ये घेतलं नव्हतं. फेडरल न्यायालयाने तो लिंगभेद ठरण्याची शक्यता मानून त्यांना सदस्य करून घेण्याचा तात्पुरता आदेश शाळेला दिला. भेदभाव दिसला तर बोलण्याचा हक्क आहे, तो वापरलाच पाहिजे.

पण साध्या नकाराला भेदभाव समजू नका. निवड झाली नाही तर मुलाने स्वतः सल्लागार शिक्षकांना भेटून शांतपणे विचारावं, कुठे कमी पडलो? प्रक्रियेत चूक झाली असेल, तास मोजताना किंवा पत्रक पोचताना घोटाळा झाला असेल, तर मुख्याध्यापकांकडे दाद मागता येते. राष्ट्रीय संस्था वैयक्तिक निवडीच्या तक्रारी ऐकत नाही. अमेरिकी न्यायालयांनीही हे सदस्यत्व हा विद्यार्थ्याचा मालकी हक्क नाही, असंच साधारणपणे मानलं आहे, म्हणून वकिलाकडे धावण्याआधी दहा वेळा विचार करा. अकरावीत न निवडलेलं मूल बारावीत पात्र असेल तर त्याचा पुन्हा विचार होऊ शकतो. एक वर्ष हातात असतं.

निवड झालेल्यांसाठी खरं काम त्यानंतर सुरू होतं. इंडक्शनच्या समारंभात मेणबत्त्या लावतात, शपथ घेतात, आजी-आजोबा भारतातून व्हिडिओवर बघतात. ते सुंदरच असतं. पण सदस्यत्वाबरोबर बैठकांची हजेरी, सेवेचे तास, शाखेच्या वार्षिक सेवाप्रकल्पात सहभाग आणि जीपीए टिकवणं ही बंधनं येतात. ती पाळली नाहीत तर शाखा लेखी सूचना देते, सुधारायला वेळ देते आणि तरीही सुधारणा झाली नाही तर सदस्यत्व काढून घेऊ शकते. त्याआधी फॅकल्टी कौन्सिलपुढे आपली बाजू मांडण्याची संधी विद्यार्थ्याला द्यावीच लागते. इथला एक नियम फार कडक आहे: ज्याचं सदस्यत्व काढून घेतलं गेलं किंवा ज्याने स्वतः राजीनामा दिला, तो पुन्हा कधीही एनएचएसचा सदस्य होऊ शकत नाही. दुसऱ्या शाळेत गेला तरी नाही. अकरावीच्या ताणात ‘सोडून टाक’ असं सांगण्याआधी पालकांनी हा नियम लक्षात ठेवावा.

नोकरीमुळे गाव बदलणाऱ्या कुटुंबांना मात्र चांगली सोय आहे. आधीच्या शाळेत सदस्य असलेल्या मुलाला नव्या शाळेच्या शाखेने आपोआप सामावून घ्यायचं असतं. त्यासाठी जुन्या शाळेचं पत्र लागतं, आणि नव्या शाखेचे निकष एका सेमिस्टरच्या आत पुरे करावे लागतात. घर हलवताना हे पत्र आठवणीने मागून घ्या. पुण्या-मुंबईहून थेट अकरावीत आलेल्या मुलांचं वेगळं आहे. इथल्या शाळेत एक सेमिस्टर काढावंच लागतं, आणि तिथले गुण ट्रान्सक्रिप्टमध्ये कसे धरणार हे शाळेच्या रजिस्ट्रारकडून लेखी घ्यावं.

कॉलेजप्रवेशासाठी याचा किती उपयोग? कॉमन ॲपमध्ये सन्मानांसाठी पाच आणि उपक्रमांसाठी दहा जागा असतात, आणि प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला १५० अक्षरं. एनएचएसचं नाव एका जागेत मावतं. देशभरातल्या असंख्य अर्जांत ते असतं, म्हणून त्या नावाने कुठलं दार उघडेल अशी आशा धरू नये. मूल त्या दोन वर्षांत काय करत होतं हे त्या १५० अक्षरांत सांगता आलं, तर वाचणारा थांबतो. मराठी शाळेत शिकवणारी मुलगी एनएचएसमध्ये नसेल, तरी तिचं ते काम अर्जात तितकंच वजन ठेवतं. निवड झाली नाही म्हणून भविष्य बुडालं, असं मुलाला घरात कोणीही वाटू देऊ नये. अशा संध्याकाळी मुलांना आईबाबांचा धीर हवा असतो.

आणखी एक सावधगिरी. घरी सोनेरी शिक्क्याची पत्रं येतात: ‘आपल्या पाल्याची राष्ट्रीय विद्वत्सभेसाठी निवड झाली आहे, शुल्क भरा.’ एनएचएसचं सदस्यत्व फक्त शाळेतल्या शाखेमार्फत मिळतं; घरबसल्या पैसे भरून कोणालाही सदस्य होता येत नाही. असं पत्र आलं तर आधी शाळेच्या कौन्सेलरला दाखवा.

निवडीची पद्धत विद्यार्थ्यांना आणि पालकांना वेळेत जाहीर करणं शाखेवर बंधनकारक आहे. तेव्हा या आठवड्यात शाळेच्या सल्लागार शिक्षकांना एक नम्र ईमेल लिहून आपल्या शाखेचे पोटनियम मागवा, छापून घ्या, आणि मुलाला शेजारी बसवून ते त्यालाच मोठ्याने वाचू द्या.