मेंदूचा पाट अखंड वाहिला पाहिजे



उन्हाळ्यात पाणी खाली गेले की विहिरीतला गाळ काढण्याचे काम निघते. कोठे बरेच दिवस झाकून ठेवलेली विहीर उघडतात, कोठे इंजीन खाली उतरवतात. अशा वेळी धडधाकट माणूस आत उतरतो आणि बघता बघता कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. असे का होते? हे समजण्यासाठी मेंदूला प्राणवायू कसा मिळतो ते आधी पाहू.

आपला मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के. पण आपण स्वस्थ बसलेलो असताना शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. झोपेतही त्याचे काम थांबत नाही.

हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. श्वासाबरोबर तो फुप्फुसांत जातो. तेथे रक्तातील तांबड्या पेशी तो उचलतात. या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे लोहयुक्त द्रव्य असते, त्याला प्राणवायू चिकटतो. हृदय हे रक्त पंपासारखे ढकलते. मानेच्या पुढच्या बाजूने दोन व मागे मणक्यांतून दोन अशा चार रोहिण्या ते मेंदूकडे नेतात. मेंदूच्या तळाशी त्यांच्या शाखा एकमेकींना जोडून एक कडे तयार होते. इंग्लंडमधील डॉक्टर टॉमस विलिस यांनी १६६४ साली आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले, म्हणून त्यास विलिसचे कडे म्हणतात. एक पाट अडला तर दुसऱ्याचे पाणी वळवता यावे, तशी ही सोय आहे. या वाटांनी मेंदूला दर मिनिटास सुमारे पाऊण लिटर रक्त पोचते.

मात्र मेंदूजवळ प्राणवायूचा साठा नसतो. पाण्याची एक पाळी चुकली तरी ज्वारी तग धरते, कारण जमिनीत ओल असते. मेंदूत अशी ओल नाही. रक्त पोचणे थांबले तर सुमारे १० सेकंदांत शुद्ध हरपते आणि ४ ते ५ मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. मेलेल्या पेशी पुन्हा भरून येत नाहीत.

आता विहिरीकडे वळू. तळाशी पालापाचोळा कुजतो, तेव्हा हवेतला प्राणवायू खर्च होतो व कर्बवायू तयार होतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खालीच साचून राहतो. अशा हवेत उतरलेल्या माणसाचे हृदय चालू असते, रक्तही वाहत असते, पण फुप्फुसांतून ते रिकामेच परत येते. एवढेच नव्हे, तर रक्तात आधीचा असलेला प्राणवायूही श्वासावाटे बाहेर निघून जातो. म्हणून ताकदवान माणूससुद्धा दोन-चार श्वासांत पडू शकतो.

इंजिनाच्या धुराची तऱ्हा निराळी. त्यातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग प्राणवायूला जागाच उरत नाही. गोबरगॅसच्या टाकीत आणखी एक विषारी वायू असतो. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण जास्त प्रमाणात तो नाकच बधिर करतो. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला, असे समजू नये.

यासाठी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१. विहिरीत दोरीने कंदील सोडावा. तो विझला तर कोणीही उतरू नये. पण जळत राहिला म्हणून हवा निर्धोक ठरत नाही, कारण विषारी वायू कंदिलाला कळत नाहीत. गोबरगॅसच्या टाकीजवळ मात्र दिवा मुळीच नेऊ नये, भडका उडेल.

२. उतरण्यापूर्वी ब्लोअरने बराच वेळ ताजी हवा आत सोडावी व काम संपेपर्यंत ती चालू ठेवावी.

३. विहिरीत इंजीन चालवू नये. ते वर ठेवावे, आणि त्याचा धूर विहिरीत जाणार नाही असे ठेवावे.

४. उतरणाऱ्याच्या काखेखालून दोर बांधावा व वर निदान दोन माणसे दोर धरून असावीत. तो बोलेनासा झाला की ताबडतोब वर ओढावे.

५. दोर नसलेला माणूस आत पडला तर त्याच्यामागे उडी घेऊ नये. आत हवा सोडावी आणि ११२ किंवा १०१ क्रमांकावर अग्निशामक दलाला बोलवावे.

६. वर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उताणा निजवून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबावे. येत असल्यास दर ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्यावेत. १०८ क्रमांकाची गाडी येईपर्यंत थांबू नये. तोंडात पाणी घालू नये.

आपला माणूस डोळ्यांदेखत पडला असता काठावर थांबणे फार कठीण असते. पण तीच हवा दुसऱ्याच्या फुप्फुसांत गेली तर त्याचीही तीच गत होते. काठावरचा माणूस शुद्धीवर राहिला तरच तो दोर ओढू शकतो. तेव्हा गाळ काढायला जाताना घमेले-फावड्याबरोबर दोर आणि ब्लोअर घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नये.