मुसळीत शक्ती किती?

पावसाळ्यात पालीहून पाली दरवाजाच्या वाटेने राजगड चढताना कडेच्या गवताकडे नीट पाहा. लांबट, पन्हळीसारखी पाती आणि त्यांच्या मधून वर आलेला पांढऱ्या फुलांचा दांडा दिसला, तर ती बहुधा मुसळीची एखादी जात असेल. तिचा कोवळा पाला 'फोडशी' म्हणून भाजीला घेतात. सह्याद्रीत मुसळीच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकी औषधी बाजारात मान मिळवलेल्या सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात तर आपले बोरिवली आहे : क्लोरोफायटम बोरिविलियानम. हिच्याच जोडीला येते ती काटेरी शतावरी. दोघींच्या मांसल मुळांचे जुडगे जमिनीखाली असते. आयुर्वेद त्यांना बल्य म्हणतो. लोक म्हणतात, 'शक्ती येते'.

पदार्थविज्ञानात शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. लोकांना येथे अभिप्रेत असते ती ऊर्जा, आणि ऊर्जा मोजता येते. तर मोजूच या.

तुमचे वजन ४० किलोग्रॅम आणि चढ ५०० मीटर धरू. लागणारे कार्य ४० × ९.८ × ५००, म्हणजे १,९६,००० ज्यूल. सुमारे ४७ किलोकॅलरी. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कार्यात उतरवतात, बाकीची उष्णता होऊन घामावाटे जाते. म्हणून अन्न हवे सुमारे १८८ किलोकॅलरींचे. ज्वारीच्या पन्नास-पंचावन्न ग्रॅम पिठाची एक भाकरी झाली!

आता चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम मुसळीचे चूर्ण घ्या. ते सगळे पिष्टमय आहे असे उदारपणे मानले, तरी ग्रॅमला ४ याप्रमाणे १२ किलोकॅलरी मिळतील. तेवढ्यात तुम्ही ३२ मीटर चढाल. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण मुसळी आपला साठा मुख्यतः फ्रुक्टनांच्या रूपात करते आणि ती पचवणारे विकर आपल्या पोटात नसते.

मग वैद्यांचे म्हणणे फोल का? तसे नव्हे. सायकलच्या साखळीला तेलाचे दोन थेंब लागतात, पण सायकल तेलावर चालत नाही. या मुळांतील लक्ष वेधणारी द्रव्ये म्हणजे सॅपोनिने. बाटलीत कोमट पाणी आणि पाव चमचा शतावरीचे चूर्ण घालून जोराने हलवा. रिठ्यासारखा फेस येईल व काही काळ टिकेल. सॅपोनिनांमुळे पाण्याचे पृष्ठताण कमी होते, त्याची ही खूण. शरीरात ती काय करतात यावर उंदरांवर बरेच प्रयोग झाले आहेत. माणसांवरचे मोठे आणि काटेकोर प्रयोग मात्र थोडेच. 'शक्तिवर्धक' डब्यांवरच्या जाहिराती एवढा धीर धरत नाहीत.

जिच्यासाठी या मुळांत खरोखर ऊर्जा आहे ती म्हणजे स्वतः मुसळी. पहिल्या पावसानंतर पाने येतात आणि पावसाळा सरल्यावर वाळून जातात. त्या चार महिन्यांच्या उन्हातून साठवलेल्या शिदोरीवर तिला पुढच्या जूनपर्यंत जमिनीखाली तग धरायचा असतो. हिरडा-आवळ्याचे फळ तोडले तर झाड उभे राहते. येथे मूळ उपटले की झाडच गेले. त्यातून पाने हिरवी असतानाच घाईने खणले तर मुळे बारीक मिळतात आणि बीही पडलेले नसते. दोन्हीकडून तोटा. (हौसेने खणू तर नकाच. याच डोंगरांत कळलावीही उगवते आणि तिचा कंद जीवघेणा विषारी असतो.)

सफेद मुसळीची शेती करणारे यातून वाट काढतात. सगळी मुळे वर एका लहानशा तबकडीला चिकटलेली असतात आणि कोंब फुटतो तो या तबकडीतून. नुसते तुटलेले मूळ लावले तर उगवत नाही. म्हणून पाने वाळल्यावर जुडगे काढून जाड मुळे विक्रीला घेतात आणि तबकडीचा तुकडा दोन-तीन मुळांसह जपून ठेवून जूनमध्ये पुन्हा लावतात.