घटक ४ : पाण्याचा ताळेबंद – लोकशिक्षण आणि भाषा

४.१ प्रास्ताविक

प्रमाणभाषा आणि बोली यांच्या परस्परसंबंधाचा विचार या घटकात आपण एका व्यावहारिक क्षेत्रात नेऊन पाहणार आहोत. गावाचे पाणी गावानेच राखावयाचे, तर त्यासाठी गावाशी कोणत्या भाषेत बोलावे? मराठीच्या अभ्यासक्रमात पाण्याचा विषय कशासाठी, असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. भूजल डोळ्यांना दिसत नाही. त्याविषयी चारचौघांत विचार करण्याचे मुख्य साधन भाषाच आहे, एवढे उत्तर तूर्त पुरे.

४.२ विषय-विवेचन

पुढील दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचा. ‘गावात भूजल पुनर्भरणाची कामे करण्यात येत आहेत.’ ‘आपण आपल्या शिवारात पाणी जिरवतो.’ दोन्ही वाक्यांचा विषय जवळजवळ एकच आहे. पहिल्या वाक्यात मात्र कर्ता नाही. काम होत आहे, पण कोण करीत आहे ते वाक्य सांगत नाही. ऐकणारा ते शासनाचे काम समजून स्वस्थ बसतो. दुसऱ्या वाक्यात कर्ता स्पष्ट आहे आणि क्रियापद प्रयोजक आहे. पाणी आपोआप ‘जिरते’, माणूस ते ‘जिरवतो’. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा महाराष्ट्रात खेडोपाडी रुजली, त्याचे एक कारण तिच्या व्याकरणात आहे असे मला वाटते. दोन प्रयोजक क्रियापदे, दोन्ही आज्ञार्थी. आणि दोन्ही शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातली.

यावरून पारिभाषिक शब्द टाकाऊ ठरत नाहीत. ‘पाणलोट क्षेत्र’ किंवा ‘जलधर’ या संज्ञांवाचून योजनेचा आराखडा वाचता येणार नाही. आणि ज्याला आराखडा वाचता येत नाही, त्याच्या नावाने दुसराच कोणी सही करतो. म्हणून लोकशिक्षकाने घरगुती शब्दापासून संज्ञेपर्यंतची वाट श्रोत्याला चालवत न्यावी लागते.

वरील घोषणेची मर्यादाही ध्यानात घ्या. जिरवलेले पाणी उपसावे किती आणि कोणी, याविषयी ती काहीच बोलत नाही. एकाने बांध घालून पाणी जिरवावे आणि शेजाऱ्याने खोल विंधनविहीर घेऊन ते ओढून घ्यावे, हे अनेक गावांत घडते. (ज्यांनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत अभ्यास केला आहे, त्यांना हे सांगावयास नको.)

येथे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील हिवरे बाजारचे उदाहरण उपयोगी पडते. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यानंतर या अवर्षणप्रवण गावात मृद्‌संधारणाची व जलसंधारणाची कामे झाली. त्यांची कीर्ती तुम्ही ऐकली असेल. भाषेच्या अभ्यासकाला त्याहून लक्षणीय वाटतो तो गावाचा ‘पाण्याचा ताळेबंद’. पडलेला पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची, माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावयाची ते ग्रामसभेत ठरवायचे. शेतीसाठी विंधनविहीर नाही, ऊस-केळीसारखी अतितहानलेली पिके नाहीत, हे निर्बंध गावाने स्वतःवर घातले.

‘ताळेबंद’ हे रूपक आहे. जमा, खर्च, शिल्लक हे शब्द ज्याने किराणा उधारीवर आणला आहे त्याला शिकवावे लागत नाहीत. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणून एका हेक्टरवर ४०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ४० लाख लिटर. आकडा मोठा वाटतो. पण काही पाणी वाहून जाते, काहीची वाफ होते, काही मातीत व पिकांत खर्ची पडते. महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांहून अधिक भूभागाखाली कठीण बेसाल्ट खडक आहे. त्याच्या भेगांतून व झिजलेल्या थरांतून विहिरीपर्यंत पोहोचणारा वाटा थोडाच असतो. ही वजाबाकी सभेत फळ्यावर करून दाखवली की ‘भूजल मर्यादित आहे’ हे वाक्य उपदेश राहत नाही.

मात्र रूपक एका ठिकाणी फसवते. बँकेतील खाते प्रत्येकाचे वेगळे असते. जमिनीखालचे पाणी सातबाऱ्याच्या हद्दी मानीत नाही. येथे सामाईक खात्याची कल्पना समजावावी लागते, आणि ती आली की वाटणीचा प्रश्न टाळता येत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचे काम उभारले. त्यांनी पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर न ठरवता कुटुंबातील माणसांवर ठरवला : दरडोई अर्धा एकर, कुटुंबाला अधिकाधिक अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क दिला. ‘पाणीवाला’ म्हणजे ‘जमीनवाला’ हे समीकरण त्यांनी मोडले. मोठ्या बागायतदारांना ते सहज पटण्याजोगे नव्हते.

वाटणीची भाषा मराठीला नवी नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत सिंचनाखालील शेते ‘फडां’त विभागलेली असत आणि एका फडात कोणते पीक घ्यावयाचे ते सर्वांनी मिळून ठरवलेले असे. पाट, पाटकरी, जागल्या या शब्दांमागे एकेक जबाबदारी उभी होती. पद्धत मोडली की असे शब्दही वापरातून जातात.

४.३ स्वाध्याय

१. तुमच्या परिसरातील ज्येष्ठ व्यक्तींकडून पाणी, विहीर, ओढा, पाट यांविषयीचे किमान पंधरा बोलीशब्द मिळवा. त्यांपैकी कोणते शब्द आज वापरात नाहीत आणि त्यांच्याशी जोडलेले कोणते काम थांबले, ते नोंदवा.

२. तुमच्या ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची पाण्याविषयीची एखादी सूचना घ्या. तिच्यातील कर्ता नसलेली वाक्ये अधोरेखित करा व प्रत्येकाला कर्ता देऊन ती पुन्हा लिहा. कर्ता कोण ते ठरवता आले नाही, तर ते कार्यालयात जाऊन विचारा व मिळालेले उत्तर वहीत उतरवून घ्या.